प्रफुल्लचे टोपडे

मित्रांनो, खुशाल जवळ या, फक्त मला हुंगू नका. मी रग्बीची एक जुनी टोपी आहे आणि माझ्या अस्तरात मुरलेला घाम कुठल्याच साबणाला दाद देत नाही. माझा मूळ रंग गडद निळा होता. आता उन्हाने विटून मी राखाडी दिसते. कानांवर भोके पाडलेल्या दोन पाळ्या, डोक्याभोवती मऊ फोमच्या जाड चकत्या, मागे आवळायला नाडी आणि हनुवटीखाली बांधायला पट्टा, असे माझे रूप आहे. खेळाडू मला हेडगिअर म्हणतात. ज्या प्रफुल्लच्या डोक्यावर मी बसायची, त्याची आई कमलाबाई मात्र पहिल्या दिवसापासून मला टोपडे म्हणत आल्या आहेत. तान्ह्या बाळाचे कान झाकून गळ्याखाली बंद बांधतात ना, तशीच मी त्यांना दिसले. आधी मला राग आला होता. एवढ्या धिप्पाड गड्यांच्या खेळातली मी, आणि मला टोपडे म्हणायचे? पुढे तेच नाव मला आवडू लागले.

हल्ली माझा मुक्काम सिंगापूरला, क्लेमेंटीच्या एका फ्लॅटमध्ये दारामागच्या खुंटीवर असतो. माझी गोष्ट सांगण्याआधी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कान वाचवणे आणि कातडी फुटू न देणे, एवढेच माझे काम. लोकांनी मात्र माझ्यावर याहून फार मोठे काम सोपवले. मला बोलता येत नसल्यामुळे ते मला जमणार नाही असे मी कुणाला सांगू शकले नाही. त्यातून झालेला घोळ थेट गेल्या वेसाक डेच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या, सकाळपर्यंत पोहोचला. त्या सकाळी माझ्या आत एका सोळा वर्षांच्या मुलीचे डोके होते. ती मैदानात उतरली तर काय होऊ शकते, हे तिच्या बापाला पक्के ठाऊक होते आणि तो गप्प उभा होता.

पण सुरुवातीपासून सांगते. मी एका कारखान्यात जन्मले. यंत्राने फोमच्या लादीतून माझ्या चकत्या कापल्या, शिलाई करणाऱ्या बायकांनी त्या अस्तरावर बसवल्या आणि एका खोक्यातून मी सिडनी शहराच्या पश्चिमेला खेळाच्या सामानाच्या दुकानात येऊन पडले. तिथून मला उत्तमरावांनी उचलले. उत्तमराव मूळचे नागपूरकडचे, सिडनीच्या रेल्वेत सिग्नलचे इंजिनिअर. त्यांच्या प्रफुल्लला एका मोठ्या क्लबने तरुणांच्या संघात बोलावले होते. खेळ होता रग्बी लीग. तेरा जणांचा हा खेळ. चेंडू घेऊन धावणाऱ्याला समोरच्यांनी अंगावर झेपावून खाली पाडायचे. यालाच टॅकल म्हणतात. सहा टॅकल झाले की चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. प्रफुल्ल ठेंगणा, रुंद खांद्यांचा आणि टॅकलला पक्का. त्याने एकदा कमरेला मिठी घातली की समोरचा कितीही दांडगा असो, खाली यायचाच.

मुलगा सज्ञान नव्हता, म्हणून कागदावर आईवडील दोघांच्या सह्या हव्या होत्या. उत्तमरावांनी लगेच सही केली. कमलाबाईंनी पेनाला हातही लावला नाही. त्यांनी एकच विचारले, डोके फुटले तर कोण भरून देणार? तेव्हा उत्तमरावांनी मला त्यांच्यापुढे ठेवले. कमलाबाईंनी मला उलटेपालटे करून पाहिले, माझा हनुवटीचा पट्टा ओढला आणि शिलाई अगदीच तकलादू आहे असा निकाल दिला. मग सुई घेतली, निळा रेशमी दोरा ओवला आणि माझा पट्टा दुहेरी टाक्यांनी असा पक्का केला की तो आजवर सुटलेला नाही. शेवटचा टाका घालून दोरा दातांनी तोडला आणि मगच त्यांनी सही केली. टोपडे घातल्याशिवाय मैदानात पाऊल टाकायचे नाही, असे प्रफुल्लकडून वदवून घेतले. पोराने शब्द दिला आणि शेवटपर्यंत पाळला. त्याने आईला दिलेला तेवढा एकच शब्द मोडला नाही, असे आता म्हणावे लागते.

पुढची वर्षे माझ्या भरभराटीची. प्रफुल्ल तरुणांच्या संघातून वरच्या संघात गेला, पगारी खेळाडू झाला. टीव्हीवर बोलणारे लोक त्याचे नाव धड उच्चारू शकत नव्हते, म्हणून ते नुसते 'निळी टोपी' म्हणायचे. निळ्या टोपीने पुन्हा एकाला लोळवले, असे ऐकू आले की मी फुगून जायची. शेजारपाजारची लहान मुले निळ्या टोप्या घालून अंगणात एकमेकांवर झेपावू लागली. कमलाबाईही मॅच बघायला यायच्या. प्रफुल्ल धुळीतून उठून उभा राहिला की शेजारच्या बाईला सांगायच्या, टोपडे आहे म्हणून निभावते. हे ऐकून माझी छाती आणखी फुगायची. खोटी स्तुती गोड लागतेच, मित्रांनो.

मग एका संध्याकाळी मला माझी खरी लायकी कळली. प्रफुल्ल खाली वाकून टॅकलला गेला आणि समोरच्याचा गुडघा थेट माझ्या डाव्या पाळीवर आला. मी दबले, परत फुगले, कातडीला ओरखडाही येऊ दिला नाही. पण भरलेला तांब्या झटक्यात थांबवला की आतले पाणी हिंदकळते, तसे काहीतरी कवटीच्या आत झाले. बाहेर मी होते, पण आत मला जाता येत नव्हते. प्रफुल्ल उठला आणि भलत्याच दिशेला चालू लागला. एका गड्याने त्याला खांद्याला धरून वळवले. प्रेक्षकांना वाटले, गंमत करतो आहे. पुढच्या टॅकलला तो पुन्हा झेपावला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता त्या युक्तीविषयी सांगते, कारण सगळे तिच्यापाशी अडकले आहे. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूची डोक्याची चाचणी घेत. कॉम्प्युटरसमोर बसायचे, दाखवलेले शब्द लक्षात ठेवायचे, आकडे उलट म्हणायचे, चित्र दिसताच बटण दाबायचे. हे झाले ठणठणीत डोक्याचे माप. पुढे कधी मार लागला की तीच चाचणी पुन्हा घ्यायची. मार्क घसरले तर खेळाडू बाहेर. एका जुन्या खेळाडूने पोरांना शिकवून ठेवले होते की पहिली चाचणी मुद्दाम ढिसाळ द्यावी. म्हणजे मार लागल्यावरचे मार्कही तेवढेच भरतात आणि कुणी बाहेर बसवत नाही. संघातली जागा एकदा गेली की मागे दहा जण टपलेले असत. प्रफुल्ल दर हंगामाला मला मांडीवर घेऊन त्या कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि येत असलेली उत्तरे चुकवायचा. मार लागल्यावर डॉक्टर कागद पाहून म्हणायचे, मार्क अगदी हंगामाच्या सुरुवातीएवढेच आहेत, जा खेळ. असे किती वेळा झाले ते मी मोजले नाही. मोजण्यासारखे ते नव्हतेच.

पायात वेग उरला नाही तेव्हा क्लबने त्याला सोडले. मग इंग्लंडच्या उत्तरेला, चिखलाच्या मैदानांवर, एका लहान क्लबकडून तो खेळला. तिथे निळ्या टोपीला कुणी ओळखत नव्हते. शेवटच्या मॅचनंतर बूट त्याने तिथेच कचऱ्यात टाकले. मला मात्र पिशवीत घातले, कदाचित पट्ट्यावरच्या त्या निळ्या टाक्यांमुळे.

प्रफुल्लची बायको स्मिता. तिला सिंगापूरच्या विद्यापीठात संशोधनाचे काम मिळाले आणि सगळे कुटुंब इथे आले. तोवर उत्तमराव गेले होते, म्हणून कमलाबाईही आल्या. प्रफुल्लने सुरक्षेचा कोर्स केला आणि त्याला जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसरची नोकरी लागली. रोज सकाळी कंपनीची बस पकडायची, गेटवर पास दाखवायचा आणि कामगारांसमोर उभे राहून सांगायचे, कुठेही लागले तर लगेच सांगा, लपवू नका. हे तो मनापासून सांगायचा. मी त्याच्या पाठपिशवीला लटकलेली असायची आणि ऐकायची. संध्याकाळी घरी येऊन तोच माणूस जेवताना कॉम्प्युटरवरच्या त्या युक्तीची गोष्ट रंगवून सांगायचा. त्याची मुलगी जान्हवी हसून हसून लोळायची. तिला बापाच्या खेळाच्या सगळ्या गोष्टी पाठ होत्या. तीही आता मुलींच्या क्लबमध्ये सात जणींची रग्बी खेळू लागली होती आणि नाडी घट्ट आवळून मलाच घालत होती. आजीनेच तसे सांगितले होते. पप्पाला सांभाळले, तुलाही सांभाळेल.

मग घरात बारीकसारीक गोष्टी बिनसू लागल्या. प्रफुल्लचा कंपनीचा पास एकदा फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी सापडला. सगळे हसले. एकदा तो बसच्या थांब्यावर पोहोचला आणि रविवार आहे हे त्याला शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितले. या घरात रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून त्रिशरण आणि पंचशील म्हणतात. प्रफुल्लला ते बोबड्या वयापासून येते. एक दिवस तो तिसऱ्या शीलावरून एकदम पाचव्यावर गेला. चौथे, खोटे न बोलण्याचे, गळलेच. लक्ष कुठे आहे तुझे, असे कमलाबाईंनी विचारले. कामाची घाई आहे, असे तो म्हणाला.

पुलाउ उबीनला जे झाले त्यावर मात्र कुणी हसले नाही, कारण ते दोघांशिवाय कुणाला कळलेच नाही. एका शनिवारी सगळे बमबोटीने, म्हणजे छोट्या मोटरबोटीने, त्या बेटावर गेले होते. स्मिता आणि कमलाबाई धक्क्याजवळ नारळपाणी पीत बसल्या, बापलेक भाड्याच्या सायकली घेऊन पुढे गेले. पाण्याची बाटली मागे राहिली म्हणून प्रफुल्ल एकटाच परत फिरला. जुन्या काम्पोंगच्या, म्हणजे मलय खेड्याच्या, घरांजवळ रस्त्याला दोन फाटे फुटतात. तिथे तो थांबला, एक पाय जमिनीला टेकवून, आणि थांबूनच राहिला. डावीकडे पाही, उजवीकडे पाही. त्याच्या मानेवरून घाम पाठपिशवीला लटकलेल्या माझ्यावर ठिबकत होता. बऱ्याच वेळाने जान्हवी शोधत आली. तेव्हा अगदी हलक्या सुरात, जणू कोडे घालतो आहे असे दाखवत, धक्का कुठल्या बाजूला हे सांगशील का, असे त्याने विचारले. ती हसली. मग तिने त्याचा चेहरा पाहिला आणि तिचे हसू विरले.

"ऊन लागलं असेल," तो म्हणाला. "ममाला सांगू नकोस, जानू. नोकरीवर कळलं तर पास काढून घेतील."

जान्हवीने मान हलवली आणि ती पुढे सायकल चालवू लागली. तो तिच्या मागोमाग गेला. त्या दिवसापासून ती बापाच्या बारीकसारीक चुका झाकू लागली. चाव्या शोधून द्यायची, त्याने दुसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नाला पहिल्यांदाच ऐकल्यासारखे उत्तर द्यायची. सोळा वर्षांच्या पोरीच्या जिवाला तो केवढा घोर होता, हे तिचे डोके माझ्या आत असायचे म्हणून मला ठाऊक आहे.

वेसाक डेच्या सुट्टीला फायनल होती. त्याआधीच्या सरावात एका दांडग्या मुलीला टॅकल करताना तिचा गुडघा जान्हवीच्या कानशिलावर आला. माझ्या डाव्या पाळीवर. तीच जागा. मी दबले, परत फुगले, ओरखडा येऊ दिला नाही. आणि आत तांब्यातले पाणी हिंदकळले. कितीतरी वर्षांनी मला ती हालचाल पुन्हा कळली आणि माझे सगळे टाके आखडले. जान्हवी उठली. खांद्याला लागले म्हणाली आणि खांदा चोळू लागली.

घरी येताना एमआरटीच्या रेल्वेत तिने विचारले, पप्पा, आज डिनरला काय आहे? पिठले-भाकरी, प्रफुल्ल म्हणाला. पुढचे स्टेशन गेले आणि तिने पुन्हा तेच विचारले. त्याने पुन्हा तेच उत्तर दिले, कारण एक क्षण त्याला वाटले, विसरलेला आपणच असू. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिले. डब्यातल्या दिव्यांनी ती डोळे बारीक करत होती.

दुसऱ्या दिवशी क्लबच्या फिजिओने, वेई लिंगने, जान्हवीला बोलावले. तिला त्या पडण्याची शंका आली होती. तिने खांदा तपासला आणि खबरदारी म्हणून डोक्याची चाचणीही घेतली. प्रफुल्ल बाहेर बाकावर बसला होता, मी त्याच्या हातात होते. वेई लिंग बाहेर आली आणि समाधानाने म्हणाली की मार्क अगदी जानेवारीतल्या, हंगामाआधीच्या चाचणीएवढेच आहेत, काळजीचे कारण नाही. हे वाक्य प्रफुल्लने पूर्वी स्वतःविषयी किती वेळा ऐकले होते. त्याची बोटे माझ्या फोममध्ये रुतली. जान्हवीला टेलिफोनचे नंबर एकदा ऐकून पाठ होतात. जानेवारीत ती चाचणीहून बाहेर आली तेव्हा बरी गेली म्हणाली होती आणि त्याच्याकडे बघून डोळे मिचकावले होते. ते मिचकावणे त्याला आत्ता कळले.

घराखाली, व्हॉइड डेकच्या, म्हणजे इमारतीच्या तळाशी असलेल्या मोकळ्या जागेतल्या, दगडी बाकावर त्याने तिला थांबवले.

"जानेवारीत टेस्ट मुद्दाम वाईट दिलीस?"

"तूच सांगितलं होतंस तसं करतात."

"ती गंमत म्हणून सांगत होतो गं. डोकं दुखतंय?"

"लिटल बिट ओन्ली. फायनल झाली की सांगू ना. वन मॅच, पप्पा. हेडगिअर घालणारच आहे मी."

तिने खाली बघत पुढचे म्हटले. "उबीनचं मी कुणाला नाही सांगितलं. ममालाही नाही. आता तू माझं सांगू नकोस. फेअर, राइट?"

प्रफुल्लने उत्तर दिले नाही. गप्प राहणे म्हणजे हो, असे तिने धरले आणि लिफ्टचे बटण दाबले. मित्रांनो, मी त्या माणसाच्या डोक्यावर उभी हयात काढली आहे. धिप्पाड गडी अंगावर येताना तो कधी बिचकला नाही. त्या बाकावर मात्र तो मला मुठीत चुरगाळत बसून राहिला. सांगावे तर हे तुम्हाला कसे कळले, असे वेई लिंग विचारणार. मग स्वतःचे सगळे उघडे करावे लागणार, नोकरीवर पाणी सोडावे लागणार. आणि ज्या पोरीने त्याची लाज राखली, तिचाच विश्वासघात होणार. न सांगावे तर काय होईल, हे आठवत नसलेल्या गोष्टींच्या ढिगातून त्याला रोज दिसत होते.

वेसाक डे उजाडला. कमलाबाईंनी पांढरी साडी नेसून मेणबत्ती लावली. सगळे बसले. प्रफुल्ल तिसऱ्या शीलापर्यंत आला आणि अडला. ओठ हलत होते, पण शब्द येईना. आज कमलाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी लेकाकडे जरा निरखून पाहिले आणि चौथे राहिले, एवढेच हळू म्हटले. मग वंदना पुढे सरकली. जान्हवी मान खाली घालून बसली होती आणि कानशिलाला हात लावत होती.

कमलाबाई त्या दिवशी नातीचा खेळ बघायला पहिल्यांदाच मैदानावर आल्या. ऊन जळत होते. मुली रांगेत उभ्या राहू लागल्या. माझी नाडी जान्हवीने आवळली, पण पट्टा तिला लागेना. ती तो पुन्हा पुन्हा अडकवत होती आणि तो निसटत होता. शेवटी कमलाबाई पुढे झाल्या. सुरकुतलेल्या बोटांनी त्यांनी माझा पट्टा तिच्या हनुवटीखाली बांधला आणि आपलेच निळे टाके अंगठ्याने चाचपून पाहिले.

"टोपडं आहे ना," त्या नातीला म्हणाल्या. "मग काही होत नाही. तुझ्या बापाला झालं का कधी काही?"

मला ओरडावेसे वाटले. मी कान वाचवते हो आजी, कातडी वाचवते, याहून माझा काही इलाज नाही. पण मी टोपी. मी तिच्या डोक्यावर घट्ट बसून राहिले. पंचांनी शिटी तोंडाला लावली. जान्हवी मैदानाकडे वळली आणि रेषा ओलांडायला तिने पाय उचलला.

प्रफुल्लने मागून तिचा दंड धरला.

तिने झटकून सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. पण त्याची पकड तुम्हाला सांगितलीच आहे. तिला तशीच धरून त्याने वेई लिंगला हाक मारली आणि तिथेच, सगळ्या पालकांसमोर सांगितले. हिने जानेवारीची चाचणी मुद्दाम चुकवली आहे, हिचे डोके दुखते आहे, ही खेळणार नाही. वेई लिंगने विचारले, तुम्हाला खात्री आहे? तो म्हणाला, ही युक्ती हिने माझ्याकडून उचलली. मी वर्षानुवर्षे हेच केले आणि आता मला घरचा रस्ता आठवत नाही. हे सगळे इंग्रजीत होते. स्मिता दोन पावलांवर उभी होती. तिच्या हातातली पाण्याची बाटली तिरकी झाली आणि पाणी गवतावर सांडत राहिले. कमलाबाईंना नीट कळले नव्हते. काय म्हणतो आहे हा, असे त्यांनी सुनेला विचारले. सून नवऱ्याकडेच बघत राहिली. मग प्रफुल्ललाच आईकडे वळून ते दुसऱ्यांदा, मराठीत, सांगावे लागले. मला वाटते, त्याच्या आयुष्यातले सर्वांत अवघड टॅकल ते होते.

"आई, टोपडं घातलं तरी आत लागतंच. मला पुष्कळदा लागलं. मी तुझ्यापासून लपवलं."

कमलाबाईंचा हात अजून माझ्या पट्ट्याजवळच्या उंचीवर, हवेत तसाच राहिला होता.

"यू प्रॉमिस्ड," जान्हवी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज अगदी थंड होता. "मी तुझं सांगितलं नव्हतं." तिने माझा पट्टा ओरबाडून काढला आणि मला गवतावर फेकले. तिच्या जागी दुसरी मुलगी उतरली. फायनल त्यांच्या हातून गेली, तीही अगदी शेवटच्या मिनिटांत. ते जान्हवीने पाहिले नाही. ती झाडाखाली पाठ फिरवून बसली होती आणि थोड्या वेळाने तिथेच तिला उलटी झाली.

इस्पितळात डॉक्टरांनी सगळे तपासले. मेंदूला मार बसला होता. अशा डोक्याला लगेच दुसरा मार बसला असता तर मुलगी कदाचित हाती लागली नसती, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. नंतर प्रफुल्लचीही तपासणी झाली. त्याच्या बाबतीत डॉक्टर एवढ्या ठामपणे बोलू शकले नाहीत. गेलेले परत येईल असे नाही, पण काळजी घेतली तर उरलेले जपता येईल, असे म्हणाले. त्याने कंपनीत स्वतः जाऊन सांगितले आणि गेटचा पास टेबलावर ठेवला. त्यांनी तो ठेवून घेतला. पुढे काय, ते अजून ठरलेले नाही. कामगारांसमोर रोज जे सांगायचा ते त्याने अखेर एकदा स्वतः केले.

त्या दिवशी मैदानावरून मला कमलाबाईंनी उचलून आणले होते. घरी आल्यावर त्या मला मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या. माझी आपली वेडी समजूत, असे काहीसे पुटपुटल्या आणि माझ्या निळ्या टाक्यांकडे बघत राहिल्या. मला वाटले, आता कात्री येणार. त्यांनी मला कोमट पाण्यात धुतले, पाळ्यांची भोके बोटांनी साफ केली आणि खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घातले. माझ्यावर त्यांनी राग धरला नाही, याचेच मला फार वाईट वाटले.

जान्हवी मात्र बापाशी बोलेना. एका घरात, एका टेबलावर, पण त्याच्याशी शब्द नाही. डोके दुखायचे, उजेड सहन व्हायचा नाही, शाळा बुडत होती. ती आपल्या खोलीत पडदे ओढून पडून राही. प्रफुल्ल तिच्या दारापर्यंत जाई आणि परत येई. कधी कधी दारापर्यंत का आलो, हेही विसरून जाई.

मी खुंटीवरून हे सगळे पाहत होते. म्हणून मित्रांनो, तुम्ही खेळायला जाल तेव्हा माझ्यासारखी टोपी जरूर घाला. तिचे टाके तपासा, खेळून आल्यावर तिला वाऱ्यावर टाका, दमट पिशवीत कोंबू नका, तेवढी माया आम्हाला पुरते. पण आमच्या भरवशावर मुकाट राहू नका. पडलात, आत काही हिंदकळले, दिवे टोचू लागले, तर त्याच क्षणी सांगा. आईला सांगा, सरांना सांगा, कुणालाही सांगा. आणि दुसऱ्याने गुपित म्हणून तुमच्यापाशी ठेवले असेल, तरीही सांगा. तो चिडेल. चिडू द्या. चिडायला तो शिल्लक राहील.

परवाची गोष्ट. सकाळी मेणबत्ती लावून सगळे बसले होते. जान्हवीही आली, कितीतरी दिवसांनी, पण बापापासून लांब, कडेला बसली. प्रफुल्लने सुरुवात केली. पहिले झाले, दुसरे झाले, तिसरे झाले. मग तो थांबला. त्याने डोळे मिटले, कपाळावर आठी घातली, शोधू लागला. कमलाबाई सांगायला तोंड उघडणार होत्या, पण स्मिताने त्यांच्या हातावर हात ठेवला.

मग कडेला बसलेल्या जान्हवीने मान वर न करता, हळू पण स्पष्ट आवाजात चौथे शील म्हटले. प्रफुल्लने ते तिच्यामागून शब्दन्‌शब्द म्हटले, आणि पाचवे दोघांनी एकत्र म्हटले.